आईच्या नावानं लिहिलेली वही

आज आम्ही तुम्हाला एका वहीचा इतिहास सांगणार आहोत. गेली पन्नास वर्षं ही वही लिहिली जाते आहे. तिच्यात कुटुंबांची नोंद आहे: आजी, तिच्या लेकी, लेकींची लेकरं. कोण कधी जन्मलं, कोण कधी गेलं, कोण कुठे दिसलं, सगळं तारीखवार. फक्त ही कुटुंबं माणसांची नाहीत. ती समुद्रात राहणाऱ्या ओर्कांची आहेत.

ओर्काला इंग्रजीत 'किलर व्हेल' म्हणतात, म्हणजे मारेकरी देवमासा. खरं तर तो डॉल्फिनच्या कुळातला सगळ्यात मोठा प्राणी. मासा म्हणायचं ते आपलं सवयीनं. तो पाण्याबाहेर येऊन श्वास घेतो आणि मादी पिल्लाला दूध पाजते. वीस-पंचवीस फूट लांब, वरून काळाभोर, पोट पांढरं, डोळ्यामागे पांढरा ठिपका. पाठीवर उभा पर असतो. मोठ्या नराचा हा पर माणसाच्या उंचीएवढा होतो.

आपली गोष्ट घडते ती अमेरिका खंडाच्या पश्चिम किनाऱ्यावर. तिथे कॅनडाचं व्हँकुव्हर बेट आणि अमेरिकेचं वॉशिंग्टन राज्य यांच्यामध्ये समुद्र आत शिरला आहे. शेकडो बेटं, खाड्या, अरुंद वाटा. या पाण्याला आता 'सॅलिश सी' म्हणतात, तिथल्या मूळ कोस्ट सॅलिश लोकांच्या नावावरून. या लोकांमधला लमी समाज ओर्कांना पाण्याखाली राहणारे आपले नातलग मानतो.

नंतर येऊन वसलेले गोरे मच्छीमार मात्र ओर्काला वैरी समजत. ओर्का सॅमन मासा खातो, आणि मच्छीमारांचं पोटही सॅमनवरच. त्यामुळे दिसला ओर्का की झाड गोळी, अशी रीत होती. १९६१ साली कॅनडाच्या मत्स्य खात्यानं सेमूर नॅरोज नावाच्या अरुंद खाडीजवळ ओर्कांना मारण्यासाठी मशीनगन बसवली होती. नशीब, ती चालवली गेली नाही.

मग १९६४ साली एक वेगळंच घडलं. व्हँकुव्हरच्या मत्स्यालयाला ओर्काचा पुतळा करायचा होता. नमुन्यासाठी एक ओर्का मारून आणायला त्यांनी माणसं पाठवली. भाला लागला, पण ओर्का मेला नाही. तेव्हा त्याला ओढत शहरात आणून ठेवलं. त्याचं नाव ठेवलं मोबी डॉल. लोक बघायला आले, तर हा 'मारेकरी' माणसाच्या हातून मासा घेऊन खातो आहे! सगळे त्याला मादी समजत होते. तीन महिन्यांच्या आत तो मेला, तेव्हा कळलं की तो नर होता. इतकं कमी ठाऊक होतं ओर्कांबद्दल.

लोकांची भीती गेली खरी, पण तिच्या जागी व्यापार आला. जिवंत ओर्का पाहायला लोक पैसे मोजतात हे लक्षात आलं. मग जगभरच्या मत्स्यालयांकडून मागणी सुरू झाली, आणि मागणी असायची ती पिल्लांना. पिल्लू उचलायला सोपं, वाहून न्यायला सोपं, शिकवायला सोपं.

८ ऑगस्ट १९७० ला व्हिडबी बेटाच्या पेन कोव्ह या खाडीत मोठी पकड झाली. बोटी, विमान आणि पाण्यात फोडलेले बार वापरून ऐंशीच्या आसपास ओर्का खाडीत हाकलले. जाळी लावून आयांपासून पिल्लं वेगळी केली. त्या वेळी तिथे असलेल्या लोकांनी पुढे अनेकदा सांगितलं की ओर्कांचं ओरडणं ऐकवत नव्हतं, आणि जाळ्याबाहेर सुटलेले ओर्काही लवकर निघून जाईनात. सात पिल्लं विकली गेली. पकडीत काही ओर्का बुडून मेले, त्यांत बहुतेक पिल्लंच होती. लोकांना कळू नये म्हणून मेलेल्यांची पोटं चिरून त्यात दगड भरले आणि त्यांना समुद्रात बुडवलं. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात काही कलेवरं किनाऱ्याला लागली आणि बातमी फुटली.

त्या सात पिल्लांतली एक मादी होती टोकिटे. मायामी शहराच्या मत्स्यालयात तिला 'लोलिटा' नाव देऊन खेळ करायला लावलं. पन्नास वर्षांहून जास्त काळ ती एका टाकीत राहिली. तिला तिच्या समुद्रात परत आणा, असं लमी लोक सांगत राहिले. शेवटी नेण्याची तयारी चालू झाली होती, पण १८ ऑगस्ट २०२३ ला ती त्या टाकीतच गेली.

आता वहीकडे वळू.

ओर्का पकडले जात होते तेव्हा सगळे एकच गोष्ट धरून चालले होते, की समुद्र एवढा मोठा आहे, ओर्काही हजारोंनी असणार. चार नेले तर काय बिघडलं? कुणी मोजलेच नव्हते.

कॅनडाच्या मत्स्य खात्यात मायकेल बिग नावाचे शास्त्रज्ञ होते. किती ओर्का पकडू द्यावेत हे ठरवण्यासाठी एकूण आहेत किती ते शोधा, असं काम त्यांच्याकडे आलं. एवढ्या मोठ्या किनाऱ्यावर सरकत्या प्राण्याला मोजायचं कसं? आज इथे दिसलेला उद्या पन्नास मैलांवर दिसेल आणि दोनदा मोजला जाईल. बिग यांनी युक्ती केली. एक दिवस ठरवला, २६ जुलै १९७१. मच्छीमार, दीपगृहातले राखणदार, बोटवाले, किनाऱ्यावर राहणारे लोक यांना सुमारे १५,००० कागद वाटले. त्या एका दिवशी ओर्का दिसला तर कुठे, किती वाजता, किती, एवढं लिहून पाठवायचं.

कागद परत आले, बेरीज झाली. हजारोंची गोष्ट सोडाच, ओर्का साडेतीनशेच्या वर नव्हतेच. पुढच्या वर्षांत पुन्हा मोजणी झाली, आकडा तसाच निघाला.

मैत्रिणींनो, गटाचं काम करताना हा अनुभव तुम्हालाही असेल. गावात सगळे म्हणतात, विहिरीला भरपूर पाणी आहे. कुणीतरी एकजण दोरी सोडून मोजते, मग खरं कळतं. इथे ती दोरी सोडली दीपगृहातल्या राखणदारांनी आणि मच्छीमारांनी. शास्त्रज्ञ एकटा असता तर त्याला ते जमलं नसतं.

बिग आणि त्यांचे सोबती पुढे आणखी एक गोष्ट शिकले. त्यांना एक ओर्का वारंवार दिसायची, तिचा पाठीवरचा पर अर्धा तुटलेला होता. तिचं नाव पडलं स्टब्स, म्हणजे थोटी. ती ओळखता येत होती, म्हणून तिच्याबरोबर कोण असतं तेही लक्षात राहू लागलं. मग त्यांनी फोटो काढून नीट पाहिलं. प्रत्येकाचा पर वेगळा निघाला. कुणाला खाच, कुणाला ओरखडा, कुणाचा शेंडा वाकडा. पराच्या मागे खोगिरासारखा करडा डाग असतो, त्याचाही आकार प्रत्येकाचा निराळा. आपल्या गोठ्यातल्या गाई आपण शिंगांवरून आणि कपाळावरच्या टिकल्यावरून ओळखतो, तसंच हे. अनेक शास्त्रज्ञांना आधी हे पटेना. पण फोटो जमत गेले तसे मानावं लागलं.

आता प्राण्याला हात न लावता, जखम न करता त्याचा माग काढता येऊ लागला. वसंतात इथे दिसलेली मादी उन्हाळ्यात तिथे दिसली, हे फोटो ठेवून सांगता येऊ लागलं.

१९७६ साली अमेरिकेच्या बाजूला केन बाल्कम यांनी सॅन वान बेटावरून अशीच मोजणी सुरू केली. दक्षिणेकडच्या या ओर्कांची तीन मोठी घराणी निघाली. त्यांना जे, के, एल अशी अक्षरं दिली आणि प्रत्येकाला क्रमांक दिला. तिन्ही मिळून जेमतेम सत्तर जण उरले होते. पकडापकडीच्या काळात या तीन घराण्यांतले चाळीसहून जास्त ओर्का नेले होते किंवा मेले होते. म्हणजे एका पिढीतली पोरंच घरातून गेली होती.

त्याच वर्षी मार्च महिन्यात ऑलिंपिया शहराजवळच्या खाडीत आणखी काही ओर्का घेरले गेले. पकडणाऱ्यांकडे परवाना होता. पण राज्यपालांच्या कार्यालयातले राल्फ मन्रो त्या दिवशी होडीतून फिरायला गेले होते, त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं. किनाऱ्यावर लोक जमले, राज्य सरकार कोर्टात गेलं, ओर्का सोडावे लागले. वॉशिंग्टनच्या पाण्यातली ती शेवटची पकड. लोकांच्या संतापाबरोबर या वेळी हाताशी मोजलेले आकडे होते. 'समुद्रात पुष्कळ आहेत' असं आता कुणाला म्हणता येत नव्हतं.

वही वाढत गेली तसं तिच्यातून एक एक गोष्ट उलगडू लागली, आणि आम्हाला सगळ्यात जास्त ओढ वाटली ती या भागाची.

फोटोत पिल्लू नेहमी आईशेजारी दिसतं. बाप कोण, हे पाहून कळत नाही. म्हणून वहीत लेकराची नोंद आईच्या नावापुढे झाली. वर्षं गेली, लेकरं मोठी झाली, तरी ती आईशेजारीच दिसत राहिली. या ओर्कांत लेक सासरी जात नाही आणि मुलगाही घर सोडत नाही. नर मादीला भेटतो आणि परत आईकडे येतो. तीस वर्षांचा, माणसाएवढा पर असलेला नर म्हाताऱ्या आईच्या बाजूनं पोहत असतो. म्हणून एखादा जण आपल्या कुटुंबात पूर्ण हंगाम दिसला नाही, तर तो मेला असं समजतात. घर सोडून तो जाणार कुठे?

पाण्यात मायक्रोफोन सोडून ऐकणाऱ्यांनी दुसरी गोष्ट शोधली. पॉल स्पाँग यांनी १९७० साली हॅन्सन बेटावर असं ऐकण्याचं केंद्र उभं केलं. पुढे जॉन फोर्ड यांनी दाखवलं की प्रत्येक घराण्याची बोली निराळी असते. पिल्लू ती आईकडून शिकतं. आपल्याकडे बोलण्यावरून बाई कोकणातली की विदर्भातली हे ओळखतात, तसं नुसत्या आवाजावरून कुठलं घराणं चाललं आहे हे जाणकार सांगतात. रात्री, धुक्यात, फोटो निघत नसताना याचा फार उपयोग होतो.

आणि मग आजीबाईंची गोष्ट. जे घराण्यातल्या जे-२ ला सगळे 'ग्रॅनी', म्हणजे आजी म्हणायचे. तिचा जन्म १९११ चा असावा असा सुरुवातीचा अंदाज होता. पुढे बऱ्याच अभ्यासकांनी तिचं वय त्याहून कमी धरलं. पण घराण्यात वडीलधारी तीच. २०१६ च्या शरदात ती शेवटची दिसली. वही लिहायला लागल्यापासून तिला एकही पिल्लू झालं नव्हतं. बाळंतपणं संपल्यावर ती चाळीस वर्षं जगली.

हे फार दुर्मीळ आहे. बहुतेक प्राण्यांत मादी मरेपर्यंत विते. पाळी गेल्यावर पुढे दीर्घ आयुष्य जगणं हे बायकांत आहे आणि ओर्कांसारख्या मोजक्या जातींत आहे. ओर्का मादी चाळिशीच्या आसपास विणं थांबवते, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं जगू शकते. का? निसर्गानं हे कशासाठी ठेवलं असेल?

उत्तर त्याच वहीत सापडलं. अभ्यासकांनी अनेक वर्षांच्या नोंदी आणि शेकडो तासांचं चित्रीकरण तपासलं. २०१५ साली त्यांनी लिहिलं की कळपाच्या पुढे बहुतेक वेळा पाळी गेलेल्या वयस्क माद्या असतात. ज्या वर्षी सॅमन कमी असतो, त्या वर्षी तर त्या जास्तच पुढे असतात. कुठल्या नदीच्या मुखाशी कुठल्या महिन्यात मासा येतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं असतं. दुष्काळात कुठला झरा आटत नाही हे आजीला माहीत असतं ना, तसं. इतर अभ्यासांतून दिसलं की आई मेल्यावर पुढच्या वर्षात तिच्या मोठ्या मुलाच्या मरणाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. आजी गेली तर नातवंडांचाही धोका वाढतो, आणि सॅमन कमी असताना तर फारच.

मैत्रिणींनो, 'आता हिचा काय उपयोग' हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलं आहे. या वहीत त्याचं उत्तर आकड्यांत लिहिलेलं आहे.

पण वहीनं जे सांगितलं ते सगळं गोड नाही. पकडापकडी थांबल्यावर आकडा वाढला. १९९५ साली तो शंभरीच्या जवळ पोचला. मग पुन्हा उतरू लागला. २००५ साली अमेरिकेनं या ओर्कांना संकटग्रस्त ठरवलं. आज ते पुन्हा सत्तरीतच आहेत, म्हणजे १९७६ साली होते तिथेच.

कारण काय? हे ओर्का सील खात नाहीत, देवमासे खात नाहीत. त्याच पाण्यात सील खाणारी ओर्कांची दुसरी जात फिरते. ती वेगळी ओळखली, तीही बिग यांच्या वहीमुळेच, म्हणून आज त्यांना 'बिग यांचे ओर्का' म्हणतात. त्या जातीची संख्या वाढते आहे. आपली तीन घराणी मात्र सॅमनवर जगतात, आणि त्यातही चिनूक नावाच्या मोठ्या सॅमनवर. हा मासा नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला परत नदीत येतो. नद्यांवर धरणं झाली, जंगलं तुटली, मासेमारी वाढली, चिनूक कमी झाला. मोठ्या जहाजांचा आवाज एवढा असतो की आवाजावर शिकार शोधणाऱ्या ओर्काला मासा सापडणं अवघड होतं. जुन्या कारखान्यांची विषारी रसायनं समुद्रात अजून आहेत. ती ओर्काच्या चरबीत साठतात आणि दुधातून पिल्लाला जातात. पहिलटकरणीच्या पिल्लाला तर जास्तच.

अभ्यासकांनी ओर्काची विष्ठा तपासून गर्भारपण ओळखायची पद्धत काढली. होडीच्या टोकावर बसून वास काढणारा टकर नावाचा कुत्राही या कामावर होता. २००८ ते २०१४ या काळातल्या तपासणीत आढळलं की दिवस गेलेल्या माद्यांतली ६९ टक्क्यांपर्यंत गर्भारपणं पूर्ण झाली नाहीत. मुख्य कारण उपासमार. पोटाला नसताना गर्भ टिकत नाही, हे तुम्हा-आम्हाला वेगळं सांगायला नको.

२४ जुलै २०१८ ला जे-३५ या मादीला पिल्लू झालं आणि अर्ध्या तासात गेलं. तिनं ते सोडलं नाही. नाकावर तोलत, बुडालं की खाली जाऊन परत उचलत ती सतरा दिवस पोहत राहिली. सोळाशे किलोमीटरच्या आसपास तिनं ते पिल्लू वाहून नेलं. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ते छापलं. २०२० साली तिला दुसरं पिल्लू झालं, ते जगलं. २०२४ च्या डिसेंबरात आणखी एक झालं आणि थोड्याच दिवसांत गेलं, तेव्हाही ती त्याला घेऊन फिरली. ही एकाच बाईची गोष्ट आहे हे ओळखू आलं ते पराच्या खाचांवरून, म्हणजे वहीमुळे.

माग काढण्याच्या कामातही एक धडा मिळाला. हिवाळ्यात के आणि एल घराणी उघड्या समुद्रावर निघून जात, तिथे फोटो काढायला कुणी नसे. म्हणून २०१२ पासून काही ओर्कांच्या परावर उपग्रहाला खूण देणारी छोटी यंत्रं टोचून बसवली. त्यातून कळलं की ती पार कॅलिफोर्नियापर्यंत जातात. ही माहिती मोलाची होती, पुढे किनाऱ्याचा तेवढा पट्टा संरक्षणाखाली आणायला ती कामी आली. पण २०१६ साली एल-९५ हा तरुण नर यंत्र टोचल्यानंतर काही आठवड्यांतच मेला. जखमेच्या जागी तुकडे राहिले होते, अंगात बुरशीचा संसर्ग पसरला होता. तेव्हापासून या ओर्कांना यंत्र टोचणं थांबवलं. सत्तर-ऐंशी जणांच्या घराण्यात एकाचाही जीव माहितीसाठी देणं परवडत नाही. पुन्हा फोटो, पुन्हा कान, पुन्हा किनाऱ्यावरचे डोळे.

आज सॅन वान बेटावरच्या लाइम किल्न दीपगृहाजवळ लोक खडकावर बसून वाट पाहतात. पाण्यातल्या मायक्रोफोनचा आवाज घरबसल्या ऐकणारेही आहेत. कॅनडाच्या बाजूला ओर्का दिसला की लोक कळवतात, आणि ती सूचना जवळच्या जहाजाच्या कप्तानाला पोचते. कप्तान वेग कमी करू शकतो, वाट बदलू शकतो. २०२५ पासून वॉशिंग्टन राज्यात बोटींना या ओर्कांपासून हजार यार्ड, म्हणजे सुमारे ९०० मीटर दूर राहावं लागतं. १९७१ साली दिसल्याची नोंद कागदावर लिहून पाठवली जायची, तिची बेरीज व्हायला महिने लागायचे. आता तीच नोंद काही मिनिटांत जहाजाचा वेग कमी करते.

एवढ्यानं ओर्का वाचतील का? नोंदीनं पोट भरत नाही. नदीत सॅमन परत आला तरच ते भरेल, आणि त्यासाठी धरणं, शेती, जहाजं, मासेमारी या सगळ्यांत कुणाला तरी आपला वाटा सोडावा लागेल. त्यावर तिथे अजून भांडणं चालू आहेत. वहीचं काम एवढंच, की भांडताना कुणाला खोटा आकडा पुढे करता येत नाही.

दर उन्हाळ्यात तिन्ही घराण्यांची हजेरी लागते आणि आकडा जाहीर होतो. बिग १९९० मध्ये गेले, बाल्कम २०२२ मध्ये गेले. वही दुसऱ्यांच्या हातात आहे.

तुमच्या गटाच्या बैठकीत हे वाचाल तेव्हा एक काम करून बघा. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या दोघी-तिघींना बोलवा. कुठली विहीर कुठल्या साली आटली, कुठला ओढा कधीपर्यंत वाहायचा, टंचाईत बायका पाण्याला कुठे जायच्या, हे त्यांना विचारा. आणि कुणीतरी एकजणीनं ते साल घालून लिहून घ्या. पान कोरं असेल तिथून सुरुवात करा.